वाट पाहणारे पुराण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील डिसेंबरच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात दरमहा एक व्याख्यान व्हावे, आणि ते शक्यतो त्या त्या महिन्यातील सणासंबंधी असावे, असा आपल्या कार्यकारिणीचा संकल्प आहे. डिसेंबर माझ्या वाट्याला आला आणि 'नाताळ' हा विषय ओघानेच पुढे आला. मी मात्र विनंती केली की, नाताळाऐवजी नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांवर बोलण्याची मला अनुज्ञा असावी. नाताळ कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बेंगळुरूत डिसेंबर उजाडला की घराघरांवर कागदी तारे लागतात, केकच्या दुकानांपुढे रांगा लागतात, आणि शिवाजीनगरातील सेंट मेरीज बॅसिलिकेकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. (महाराजांच्या नावाच्या या वस्तीत मरियमचे एवढे मोठे मंदिर असावे, याचे नव्याने येणाऱ्या मराठी माणसास मोठे नवल वाटते, जुन्यांस त्याची सवय झाली आहे.) परंतु या साऱ्या लगबगीच्या पोटात एक शांत, काहीसा व्रतस्थ असा काळ दडलेला असतो. मराठी ख्रिस्ती समाजात त्याला आगमनकाळ म्हणतात. त्याच्याविषयी मला बोलावयाचे आहे.

मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. एक सामान्य पदवीधर, सरकारी नोकर आणि हौशी वाचक, एवढाच माझा अधिकार. तथापि या आगमनकाळाचे आपल्या मराठी भाषेशी एक विलक्षण नाते आहे, त्या नात्याची राखण पुष्कळ अंशी आपण आज राहतो त्या कर्नाटकाने केली आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे; म्हणून हे धाडस.

प्रथम या काळाचे स्वरूप थोडक्यात पाहू. नोव्हेंबरच्या तीस तारखेस संत अंद्रियाचा दिवस असतो. त्याच्या सर्वांत जवळचा जो रविवार, त्या दिवशी आगमनकाळ सुरू होतो. म्हणजे तो सत्तावीस नोव्हेंबरच्या आत कधी येत नाही आणि तीन डिसेंबरच्या पुढे जात नाही. तेथून नाताळापर्यंत चार रविवार येतात. कॅथलिक मंदिरांत या दिवसांत धर्मगुरूंची वस्त्रे जांभळ्या रंगाची असतात, आनंदाचे एक प्रमुख स्तोत्र रविवारच्या उपासनेतून वगळले जाते, सजावट बेताची असते. तिसऱ्या रविवारी मात्र जांभळ्याच्या जागी गुलाबी रंग येतो. वाट अर्ध्यावर आली, थोडे हसायला हरकत नाही, असेच जणू तो सांगतो. प्राचीन काळी, पाचव्या शतकात, गॉल देशात म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये अकरा नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या दिवसापासून नाताळापर्यंत उपवास पाळण्याची चाल होती. पुढे ती सौम्य होत गेली. देवशयनीपासून प्रबोधिनीपर्यंत देव निजला आहे असे मानून चार महिने व्रते पाळणाऱ्या आपल्या समाजास ही कल्पना परकी वाटू नये.

या काळातील मला सर्वांत भावणारी गोष्ट म्हणजे रिकामी गव्हाणी. नाताळासाठी गोठ्याचा देखावा मांडतात. गाय, गाढव, मेंढपाळ, योसेफ, मरियम हे सारे यथास्थित असतात. परंतु पुष्कळ ठिकाणी बाळ येशूची मूर्ती चोवीस डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवीत नाहीत. तोवर तिथे नुसते गवत. सगळी मांडणी ज्याच्यासाठी केली तोच नाही, आणि तरीही मांडणी अपुरी वाटत नाही. गणपती आणण्याच्या आदल्या रात्री आपल्या घरी मखर तयार असते, समई घासून ठेवलेली असते, पाट रिकामा असतो. त्या रिकाम्या पाटाकडे पाहून मुलांना जे वाटते तेच येथेही आहे. फक्त एका रात्रीऐवजी चार आठवडे.

आता 'वाट पाहणे' या आपल्या शब्दप्रयोगाकडे लक्ष द्या. रोज उच्चारून तो इतका गुळगुळीत झाला आहे की, त्यातील चित्र आपल्याला दिसेनासे झाले आहे. वाट म्हणजे रस्ता. ज्याला यायचे आहे त्याचा रस्ता न्याहाळणे म्हणजे वाट पाहणे. यात दृष्टी स्वतःवर नाही, घड्याळावरही नाही. ती दारातून बाहेर, वळणावर लागलेली आहे. प्रतीक्षा आणि नम्रता यांचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आपल्या भाषेने त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. ज्याची नजर स्वतःवर खिळली आहे तो खोळंबतो, ताटकळतो, तिष्ठतो; वाट पाहत नाही. आम्हा सरकारी माणसांना हा भेद विशेष कळतो. 'प्रकरण विचाराधीन आहे' असे पत्र ज्याला जाते तो मनुष्य खोळंबलेला असतो. त्याला वाट दिसत नाही, कारण त्याच्या कागदाची वाट कोणत्या टेबलावरून जाते हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पोर्तुगीज भाषेत तर वाट पाहणे आणि आशा धरणे या दोहोंना मिळून 'इश्पेरार' हे एकच क्रियापद आहे. पोर्तुगीजचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. ज्या ग्रंथाकडे मला आपणांस न्यावयाचे आहे त्याचे मूळ शीर्षक पोर्तुगीज होते.

तो ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण. इ. स. १६१६ मध्ये गोव्यातील साष्टी प्रांतात रायतूर, म्हणजे आजचे राशोल, येथे ते छापले गेले. शाळेत आपण सर्वांनी स्टीफन्सचे नाव मराठीची थोरवी गाणारा परदेशी कवी म्हणून ऐकले आहे. पाषाणांत जसा हिरा, फुलांत जशी मोगरी, सुगंधांत जशी कस्तुरी, पक्ष्यांत जसा मोर, तशी भाषांत मराठी, हा त्याचा अभिप्राय आपण अभिमानाने उद्धृत करतो, आणि बहुधा तेथेच थांबतो. ज्याने आपली स्तुती केली त्याचे पुढचे बोलणे ऐकण्याची उत्सुकता माणसाला क्वचितच असते! वस्तुतः त्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीच्या पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ 'आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयी निरूपण' असा आहे. येण्याविषयी. म्हणजे आगमन हाच शब्द कवीने शीर्षकात घातला होता. 'पुराण' हे नाव लोकांत रूढ झाले. ग्रंथाचा विषय मात्र आगमन हा होता.

कोण हा स्टीफन्स? इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात, बुश्टन येथे, सुमारे १५४९ साली त्याचा जन्म झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक पंथीयांना दिवस कठीण होते. थॉमस पाउंड नावाच्या एका सधन मित्राबरोबर देश सोडून रोमला जावे आणि येशूसंघात प्रवेश करावा असा त्याने बेत केला. निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला आणि जवळजवळ तीस वर्षे त्याची या ना त्या तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटा रोमला पोहोचला, १५७५ मध्ये संघात दाखल झाला. परंतु मित्राला विसरला नाही. तुरुंगातल्या त्या माणसाला गैरहजेरीतच संघाचा सदस्य करून घ्यावे अशी त्याने रोममध्ये खटपट केली आणि ती मान्य झाली. एक मित्र इंग्लंडच्या कोठडीत दार उघडण्याची वाट पाहत आहे, दुसरा चाळीस वर्षे साष्टीच्या गावांत एका परक्या भाषेची अक्षरे गिरवीत आहे. ख्रिस्तपुराण वाचताना हा दुसरा मित्र आपल्या मनात असला पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

१५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघालेले त्याचे जहाज ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला गोव्यास लागले. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्याचा निर्देश करतात. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला तेव्हा एकवीस वर्षे अवकाश होता. पैठणास एकनाथमहाराज हयात होते. हा गृहस्थ येथे व्यापारास आला नाही, आणि परतही गेला नाही. १६१९ साली गोव्यातच त्याचा अंत झाला.

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे; नाहीतर हे भाषण गोडवे गाण्याचे होईल आणि ते सत्याला धरून होणार नाही. स्टीफन्स ज्या साष्टीत राहिला तिथली देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षणाची न्यायसभा, म्हणजे इन्क्विझिशन, बसलेली होती. लोकांची पुराणे, पोथ्या जप्त होत होत्या. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस लोकांनी पाच येशूसंघीयांना ठार मारले, त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना दग्याने मारण्यात आले. हा रक्तरंजित व्यवहार स्टीफन्सच्या डोळ्यांसमोर झाला. ज्या सत्तेच्या छायेत तो वावरत होता ती सत्ता नम्र नव्हती. एका माणसाच्या सौजन्याने तो इतिहास धुऊन निघत नाही, आणि तसे भासविणे हा दोन्ही बाजूंच्या मृतांवर अन्याय होईल.

परंतु याच काळोखात ग्रंथाचा उगम आहे, आणि तो स्वतः कवीनेच ग्रंथारंभी सांगून ठेवला आहे. नवख्रिस्ती लोकांच्या मेळाव्यातील एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो: आमची पूर्वीची पुराणे वाचण्यास तुम्ही बंदी केलीत, मग तसेच काही वाचायला तुम्ही आम्हांस का देत नाही? विचार करण्यासारखा प्रश्न आहे. तो विनंतीच्या सुरात विचारलेला असला तरी आरोपाहून कठोर आहे. संध्याकाळी दिवा लागल्यावर, पावसाळ्यात कामे थांबल्यावर, मरणघरी रात्र जागवताना माणसाला काही ऐकायला लागते. तेच तुम्ही काढून घेतले आहे. आता आम्ही वाट पाहायची ती कोणत्या शब्दांत?

सत्ताधाऱ्याच्या बाजूचा मनुष्य अशा प्रश्नाला दोन प्रकारे उत्तर देऊ शकतो. आमची भाषा शिका, आमचे ग्रंथ वाचा, असे तो म्हणू शकतो. पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने तेच म्हटले. तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा त्याने हुकूम काढला. स्टीफन्सने दुसरी वाट धरली. पन्नाशी उलटलेला तो विद्वान श्रोत्यांच्या पायरीवर उतरला. ओवी शिकला, आपल्या पुराणिकांची निरूपणाची रीत शिकला, आणि आपल्या श्रद्धेची कथा त्या छंदात बसविली. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवीने घडविलेला कान ज्यांना होता, त्यांच्या कानाला खटकणार नाही अशी मराठी त्याने लिहिली. कोंकणीचाही त्याने अभ्यास केला. त्याने रचिलेले कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी छापून आले. बेथलेहेमच्या जन्ममंदिराला जे दार आहे त्याची उंची जेमतेम चार फूट आहे. घोडेस्वारांनी आत घुसू नये म्हणून ते असे लहान केले असे सांगतात. कारण काही असो, आत जायचे तर राजालाही वाकावे लागते, म्हणून त्याला नम्रतेचे दार म्हणतात. आपल्या जुन्या वाड्यांच्या दिंडी दरवाज्याची आठवण व्हावी असे ते दार आहे. मराठी भाषेत स्टीफन्स अशा दारातून आला.

आता ग्रंथाच्या रचनेकडे पाहा. त्याचे दोन भाग आहेत. १९०७ च्या मुद्रित प्रतीप्रमाणे पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि ४,१८१ ओव्या आहेत. दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरू आणि ६,७८१ ओव्या. दुसरे पुराण येशूचे चरित्र सांगते. पहिल्या पुराणात मात्र येशू अजून यायचा आहे. सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवा यांचे पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद, मग संदेष्टे. पिढ्यांमागून पिढ्या येतात, चुकतात, रडतात, उठतात, आणि कोणीतरी येणार आहे एवढ्या एका वचनावर जगतात. चार हजारांहून अधिक ओव्या म्हणजे एक अखंड आगमनकाळ! कवीच्या मनात आले असते तर त्याने थेट गोठ्यापासून, ताऱ्यापासून आरंभ केला असता. श्रोत्यांना तेच आवडले असते. त्याने त्यांना आधी वाट पाहायला बसविले. गव्हाणी आधी रिकामी दाखविली. मराठी भाषेत ख्रिस्ती प्रतीक्षेवर इतके विस्तृत दुसरे काही लिहिले गेले असेल असे मला वाटत नाही.

त्याच्या स्वतःच्या वाट पाहण्याचाही एक भाग आहे. ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, कारण गोव्याच्या छापखान्यात देशी लिपीचे खिळे नव्हते. स्टीफन्सला ते मनापासून खटकत होते. १६०८ मध्ये, म्हणजे तुकोबांचे जन्मवर्ष म्हणून सामान्यतः जे मानले जाते त्या वर्षी, त्याने रोमला आपल्या वरिष्ठांस लिहिले की या देशाच्या लिपीत छपाई व्हावी अशी आपली इच्छा आहे. अडचण एवढीच की रोमनला चोवीस साचे पुरतात, इथल्या जोडाक्षरांना सहाशेच्या घरात लागतील. सरकारी पत्रव्यवहार ज्यांनी केला आहे त्यांना त्या पत्राचे पुढे काय झाले असेल हे सांगायला नको. ख्रिस्तपुराण देवनागरीत मुद्रित झाले ते १९५६ साली, पुण्यास, शांताराम बंडेलू यांच्या परिश्रमाने. पत्रापासून मोजले तर तीनशे अठ्ठेचाळीस वर्षांनी.

या मधल्या काळात ग्रंथाचे जे झाले ते मला विशेष सांगावयाचे आहे. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रविवारी आणि सणावारी उपासनेनंतर लोक मंदिरात तो गात. नंतर वारे फिरले. १६८४ च्या हुकुमाचा उल्लेख मी केलाच. ज्या धर्मसत्तेसाठी तो लिहिला गेला तिलाच तो नकोसा झाला. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत अभ्यासकांच्या हाती लागलेली नाही. म्हणजे पुस्तक नाहीसे झाले, असेच म्हणायला हवे होते. पण सतराव्या आणि अठराव्या शतकांत गोव्यातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा प्रांतात, मंगळूरच्या बाजूस, येऊन राहिली होती. त्यांची बोली कोंकणी, भोवतालची भाषा तुळू आणि कन्नड. आणि घरातल्या पेटीत जपून ठेवलेली वही मराठीची. हाताने उतरून काढलेल्या या वह्या एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिल्या.

१७८४ मध्ये टिपूने मंगळूरकडील या ख्रिस्ती लोकांना बंदी करून श्रीरंगपट्टणास नेले. १७९९ मध्ये तो पडेपर्यंत पंधरा वर्षे त्यांचा बंदिवास चालला. कित्येक परतलेच नाहीत. त्या दिवसांत पुराणाच्या ओव्यांनी आम्हांला धीर दिला, अशी आठवण त्या समाजात परंपरेने सांगितली जाते. येथून म्हैसूरला जाताना आपण सर्वजण श्रीरंगपट्टणास उतरतो; रंगनाथाचे दर्शन घेतो, दर्या दौलत बाग पाहतो, मुलांना बुरूज दाखवितो. त्या बुरुजांच्या आत कधीकाळी मराठी ओव्यांचा आधार घेऊन माणसे सुटकेची वाट पाहत होती, हे ऐकल्यापासून मला ती जागा निराळी दिसू लागली आहे.

१९०७ साली मंगळूरच्याच जोसेफ सालढाणा यांनी जुन्या हस्तलिखितांवरून ग्रंथ रोमन लिपीत छापला आणि मराठी वाङ्मयाला तो परत मिळाला. मंगळूरने जपला नसता तर पुण्यास देवनागरी करायला काही उरलेच नसते. लंडनमध्ये एक देवनागरी हस्तलिखित होते खरे. पण ते विद्वानांच्या ध्यानात आले पुढे. १९९६ मध्ये कारिदाद द्राग यांची संपादित आवृत्ती मुंबईस निघाली. आणि त्यानंतर, २००९ साली, फादर नेल्सन फलकाव यांनी संपादिलेली अर्थासह आवृत्ती प्रसिद्ध झाली, ती कोठे? आपल्या या बेंगळुरूत, कृष्णराजपुरम येथील ख्रिस्तू ज्योती प्रकाशनाकडून. मंडळाच्या कचेरीपासून तासाभराच्या अंतरावर मराठीतला एक आद्य मुद्रित ग्रंथ नव्याने प्रकाशात आला, आणि आपण त्या वर्षी गणेशोत्सवाच्या वाद्यवृंदाची चर्चा करीत होतो! असो. सीमाप्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ तावातावाने बोलले जाते. तिथे मी शिरत नाही. पण मराठीवर कर्नाटकाचे एवढे ऋण आहे, एवढे नोंदविण्यास कोणाची हरकत नसावी.

आगमनाची ही ओवी स्टीफन्सपाशी संपली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो अशा आशयाचे ते सांगत. त्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी जी वाट पाहिली ती 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे. नवरा जिवंत, पण जातीच्या भिंतीपलीकडे. येईल की न येईल, आपण जावे की न जावे. १९०० साली त्यांनी स्वतः दीक्षा घेतली ती कोणाच्या दडपणाने नव्हे, स्वतःच्या पायांनी चालत. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, तेव्हा शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने ते हाती घेऊन बहुतेक सारे पुढे लिहून काढले. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २०२४ मध्ये ते गेले. स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंतची ही परंपरा आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात एका प्रकरणाच्या तळटीपेत घालण्याइतकी लहान नाही.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण पंढरीच्या माणसाला या प्रतीक्षेचे काय? पंढरीस तर उलटाच प्रकार आहे. तेथे भक्त आईबापांच्या सेवेत गुंतला आहे, आणि देव विटेवर उभा राहून त्याची वाट पाहत आहे. अठ्ठावीस युगे झाली तरी त्याने कंबरेवरचे हात काढलेले नाहीत. मला या दोन चित्रांत विरोध दिसत नाही. एकीकडे देव उभा आहे, दुसरीकडे माणूस. दोघांनाही घाई नाही आणि दोघांनाही येणाऱ्याची खात्री आहे. ज्याने पहिले चित्र लहानपणापासून पाहिले आहे त्याला दुसरे समजायला भाष्य लागत नाही. साष्टीतल्या त्या श्रोत्यांनाही लागले नसावे.

आपण घर सोडून आलेली माणसे. आपल्यापैकी कोणी बदलीची वाट पाहिली, कोणी सेवानिवृत्तीची, कोणी गावाकडच्या घराच्या दुरुस्तीची. आणि ती वाट पाहता पाहता मुले इथलीच झाली. कन्नड, इंग्रजी ती सहज बोलतात. मराठी बोलतात, पण वाचीत नाहीत. त्यांचे आजीला येणारे संदेश मराठीत असतात आणि लिपी रोमन असते. याबद्दल आपण मंडळात बरीच हळहळ व्यक्त करतो. परवा एका सभासदांनी तर अशा संदेशांना उत्तरच द्यायचे नाही असा उपाय सुचविला. मला तो पटला नाही. चारशे वर्षांपूर्वी मराठीतला एक थोर ग्रंथ नेमक्या याच वेषात बाहेर पडला होता, आणि परक्या मुलखात, परक्या लिपीत, कोंकणी माणसांच्या पेटीत राहून तो जगला. लिपी मागाहून आली. उशिरा आली, पण आली. मुलांच्या रोमन मराठीला आजीने उत्तर द्यावे, रोज द्यावे. ब्राह्मणाच्या प्रश्नाला स्टीफन्सने जसे त्याच्याच छंदात दिले तसे.

कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. आपल्या ग्रंथालयात ख्रिस्तपुराणाची बेंगळुरूची आवृत्ती नाही, ती घ्यावी. येत्या वर्षी आगमनकाळाच्या चार रविवारी सायंकाळी, आपल्या ख्रिस्ती सभासदांना सोयीचे होईल अशा वेळी, पहिल्या पुराणातील काही भाग येथे वाचला जावा. पैकी एखादा अवस्वरू मंगळूरकडच्या कोणा शेजाऱ्याने म्हणून दाखविला तर अधिक चांगले. चाल त्यांच्याकडे असली तर ती आपण त्यांच्याकडून शिकू. मुलांसाठी १९०७ च्या रोमन प्रतीची पाने समोर ठेवता येतील, मोठ्यांसाठी देवनागरी. दुसऱ्या पुराणास मात्र चोवीस तारखेपर्यंत कोणी हात लावू नये. तेवढी एक अट पाळावी अशी माझी विनंती आहे.